माझ्या एकेचाळीस डागांची व्यवस्था

मी लाँड्रीत डाग काढते. वय सव्वीस, शिक्षण सातवी. डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही. भीती आहे ती सोमवारच्या ऑपरेशनची. पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही होत नाही गं." पण कागदावर सही घेतलीच ना. मग मीही एक कागद करून ठेवते. चुका असतील, अर्थ मात्र मी सांगते तोच धरावा.

एक. घर भाड्याचं, त्यातलं काय देणार. भांडी, कपाट, शिलाई मशीन सगळं मुलीच्या बाबांचं. अहो, मशीन विकू नका. तिची सुई मीच मोडली होती, तुम्हाला उगाच बोलले.

दोन. माझे ब्रश इस्त्रीवाल्या मावशींना. मावशी, राठ ब्रश रेशमाला लावायचा नाही, किती वेळा सांगू.

तीन. माझे लेख. माझी खरी इस्टेट हीच. शाईचा डाग, गंजाचा, तेलाचा, असे एकेचाळीस. फोनमध्ये बोलून बोलून लिहिले. मुलगी पोटात होती तेव्हा सुरू केले, आता ती चार वर्षांची आहे. झेरॉक्सवाल्या काकांनी इंटरनेटवर एक साधं पान करून दिलं होतं. पत्ता टाकला की कुणाच्याही फोनवर उघडायचं. नाव द्यायला नको, नंबर द्यायला नको. कुठली कोण नर्स, तिने लिहिलं होतं, "ताई, शाई गेली, बोलणी खाण्यापासून वाचले."

माझी नणंद अ‍ॅपच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "वहिनी, वेबसाइट आता कोण बघतं? सगळे अ‍ॅपवर असतात. तिथे बघ कसं झटकन उघडतं, किती छान दिसतं." छान दिसलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांची अट होती, लेख दुसरीकडे कुठे नकोत. काका म्हणाले, "पोरी, आपलं पान राहू दे." नणंद म्हणाली, "माझ्यावर भरवसा नाही का?" होता. मी लेख अ‍ॅपवर दिले आणि माझ्या बोटाने ते पान पुसून टाकलं. माझ्याकडे प्रत नाही, काकांकडेही नाही.

मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुझं वाचायला आधी ते अ‍ॅप घ्या, मग नंबर द्या, आणि माझ्या फोनात जागाच नाही. नातवाचे फोटो काढून टाकू का गं तुझ्या डागांसाठी?" मी हसले होते.

आता ते अ‍ॅप माझ्या जुन्या फोनवर चालतच नाही. माझंच लिहिलेलं मला दिसत नाही. आणि महिनाअखेर ते लेख बंद करून नुसते व्हिडिओ ठेवणार आहेत. प्रत मागितली तर उत्तर आलं, लेख बाहेर काढता येत नाहीत. नणंदेला हे चार महिने आधी माहीत होतं. माझ्यासमोर बसून चहा प्यायली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि अवाक्षर काढलं नाही. विचारलं तर म्हणते, "ऑफिसचं बाहेर बोलता येत नाही, वहिनी." म्हणजे मी बाहेरची! केसाने गळा कापला म्हणतात तो असा.

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नसतं, डाग कायमचा बसतो. एकोणिसाव्या लेखात आहे. म्हणून राग निवायला पंधरा दिवस थांबले आणि मग लिहायला बसले.

चार. ते सगळे लेख मुलीचे. सातवा दुधाच्या डागाचा आहे. ती पहिल्या महिन्यात किती ओकायची आणि मी फ्रॉक धुता धुता किती रडायचे, ते त्यात आहे. मी परत आले नाही, तर आई कशी बोलायची हे तिला दुसरीकडे कुठे सापडणार? नणंदेच्या फोनवर लेख अजून उघडतात. तिथे पडद्याचा फोटो काळा येतो, म्हणून दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवायचे, मी वेडी नाही. पण त्यानंतर एकूण एक लेख वहीत हाताने उतरवायचा. नणंदेने, दुसऱ्या कुणी नाही. वही काकांना द्यायची, ते परत उघड्या पानावर टाकतील. माझ्या मुलीला तिथे जायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

पाच. नणंदेला मी काहीही देत नाही. काका म्हणाले, ज्याला काही दिलं त्याने साक्षीदार होऊ नये. मला तिचीच साक्ष हवी आहे, म्हणून तिचा वाटा शून्य. सही करायच्या आधी हा कागद तिने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचा.

लाँड्रीमागची खोली. शनिवार, बारा तारीख.

सही: मुलीची आई

साक्षीदार पहिले: झेरॉक्सवाले काका. पोरीने माझ्यासमोर सही केली, डोकं ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरी: मुलीची आत्या. मोठ्याने वाचलं. तिसऱ्या कलमात थांबले, काकांनी पाणी दिलं, मग पुढचं वाचलं. त्यात खोटं काही नाही. वही घेतली आहे. सातव्यापासून सुरू करते.