कुर्रचं कुर्ट कसं झालं

तीर्थस्वरूप पद्माकरकाका यांना,

लीड्सहून सुनीतीचा साष्टांग नमस्कार. (भांडायचं असलं तरी नमस्कार आधी, हे आप्पांनीच शिकवलंय.) गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? इतक्यात जिना चढू नका. मी डॉक्टर आहे म्हणून सांगते, आणि पुतणी आहे म्हणून तुम्ही ऐकणार नाही हेही ठाऊक आहे.

पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. गेल्या वर्षी आप्पा गेले, आता समरला मुलगा झाला, तेव्हा आजोबांचं शशिधर हे नाव नातवाला ठेवायचं असं सगळ्यांचं ठरलं होतं, आणि बारशाला मी, सख्खी आत्या, पोराचं नाव कुर्ट ठेवून मोकळी झाले, असं तुम्ही फॅमिली ग्रुपवर लिहिलंत. वर 'हे नाव आहे की कुर्ता?' असंही विचारलंत. त्याखाली एकवीस जणांनी अंगठे दिले. त्या एकवीस अंगठ्यांसमोर सांगते, मी माफी मागणार नाही.

तुमचं म्हणणं, जर्मन नावं म्हणजे जनावरांचा बाजार. समरच्या सासूबाईंनी, गिझेलाबाईंनी, घरात हाक मारायला एखादं निवडा म्हणून मुलांच्या जुन्या जर्मन नावांचं अर्थासकट एक पुस्तक दिलंय, ते मी लीड्सहून समरकडे मेडनहेडला जाताना ट्रेनमध्ये वाचून काढलं. बेर्नहार्ड म्हणजे अस्वलासारखा धीट, एबरहार्ड म्हणजे रानडुकरासारखा कणखर, वोल्फगांग म्हणजे लांडग्याच्या चालीचा, रुडॉल्फ म्हणजे नामांकित लांडगा. काका, आपलं आडनाव लांडगे आहे. आपण कुणाच्या जनावरांना नावं ठेवायची? हाइनरिश म्हणजे घराचा राजा. (समरला हे फार आवडलं. हाइकेने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि ते नाव यादीतून गेलं.) फ्रीडरिश म्हणजे शांततेने राज्य करणारा; पोराचं रडणं ऐकून ते मीच खोडलं. हाइकेच्या वडिलांचं नाव ऊवे. तिने सहज 'ऊवे' म्हटलं, तर आई 'कुणाच्या डोक्यात?' म्हणत फणी शोधायला उठली. त्या नावाच्या अर्थाबद्दल पुस्तकातही दुमत आहे, आपल्याला मात्र तो पक्का ठाऊक आहे.

पण कुर्ट ह्या यादीत नव्हतंच. मेडनहेडच्या हॉलमध्ये सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. आईने गिझेलाबाईंना समजावलं होतं की आत्या बाळाच्या कानात कुर्र करते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आपल्याकडे ते धपाटे म्हणजे बांगड्यांचा आवाज. गिझेलाबाई तीस वर्षं हँडबॉल खेळल्या आहेत आणि त्यांच्याकडे सूचना म्हणजे सूचना. मी वाकून 'कुर्र' म्हणते आहे तोच असा धपाटा बसला की पुढे आपोआप 'ट्' निघाला. अख्ख्या हॉलने ऐकला.

पाठीमागे खुर्ची पडली. ऊवे उभे राहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुर्ट हा त्यांचा थोरला भाऊ, त्यांना लहानाचं मोठं करणारा, तीन वर्षांपूर्वी गेलेला. त्यांना वाटलं, ह्या परक्या लोकांनी न सांगता आपल्या भावाचं नाव ठेवलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आता त्या माणसाला 'अहो, ते नाव नव्हतं, तो धपाटा होता' असं सांगायची तुमची छाती आहे? माझी नव्हती. आणि मला त्याची लाज नाही. कुर्ट हे कोनराडचं लहान रूप, अर्थ धीटपणे सल्ला देणारा. आपल्या घराण्यात न मागता सल्ला देणारे कोण आहेत ते मी पत्रात लिहीत नाही.

तेव्हा नाव कुर्ट लांडगे, आणि ते राहणार. ग्रुपवर अजून शंभर अंगठे जमवा.

कळावं. लोभ असो की राग, जो असेल तो पुरता असावा.

तुमची (अजूनही) पुतणी,
सुनीती

ता. क. : इथे जन्म बेचाळीस दिवसांत नोंदवावा लागतो. समरची रजिस्ट्रारकडची वेळ मंगळवारची आहे. कुर्टच्या पुढे आणखी एक नाव चालतं. ती जागा मी रिकामी ठेवायला लावली आहे. हाइके आणि ऊवे दोघांनीही आनंदाने हो म्हटलंय.

ता. क. दुसरा : धपाट्याची गोष्ट खरी, पण अर्धी. धपाट्यानंतर मला भरपूर वेळ होता. ऊवे उठायच्या आधी सगळ्या बायका थांबून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नाव ओठांवर होतं, निघेना. जन्मभर मी त्यांना आप्पाच म्हटलं. 'शशिधर' असं मोठ्याने मी एकदाच म्हटलं, गेल्या वर्षी, इथल्याच रजिस्ट्रारकडे त्यांचा मृत्यू नोंदवताना. समोरच्या बाईला कळेना म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. पाळण्याशी वाकले आणि मला तीच बाई दिसली. रविवारी दुपारी फोन लावते आणि पोराच्या कानाशी धरते. तुमच्या भावाचं नाव तुम्ही सांगा. मान आत्याचा आहे हे मला माहीत आहे. मला जमत नाही, काका.