उलटवलेली फळी

अण्णा, वरच्या खोलीची जमीन दुरुस्तीला काढली आहे. पंचवटीतल्या आपल्या गल्लीत जो तो सांगत होता, फरशी घाला, पुसायला सोपी. मी ऐकलं नाही. सागवानी फळ्यांची जमीन आहे, वरचा काळपट थर घासून तेल-पॉलिश केलं की माझ्या हयातीत पुन्हा बघायला नको. झोपाळा काढून भिंतीला टेकवून ठेवलाय आणि खोली परकी वाटते. त्या झोपाळ्यावर तुम्ही कायम उजव्या टोकाला बसायचात, अंगठा जमिनीला टेकवून सावकाश झोका घेत. मी कॉलेजातून यायचे, पुस्तकं ठेवायच्या आधीच ओरडायचे, "अण्णा, मधोमध बसा! एकीकडे भार येऊन कडी वाकडी होतेय. आणि पायाखालची ती फळी बघा किती झिजलीय!" तुम्ही डोळेही न उघडता म्हणायचात, "झिजली तर उलटी करू. त्यात काय!" मला ती थट्टा वाटायची.

परवा सुताराने नेमकी तीच फळी उचलली आणि मला हाक मारली. "मॅडम, ही आधीच एकदा उलटवलेली हाय. खालून पण झिजलीय बघा." मी चष्मा लावून खाली बसले. खालच्या अंगाला दोन खळगे होते. एक तुमच्या जागी, वरच्या खळग्याच्या बरोबर पाठीला. तिथे लाकडाचा, सुताराच्या शब्दांत, "पार पापड झालाय". दुसरा डाव्या टोकाशी, लहानसा, उथळ, हात फिरवल्याशिवाय कळणारही नाही असा. वरच्या अंगाला तिथे काहीच नाही, फळी कोरी. मी मनमाडला आत्याला फोन लावला.

"अगं, डावीकडं वहिनी बसायची," आत्या म्हणाली. "जेवणं उरकली की दोघं झोपाळ्यावर. आम्ही किती चिडवायचो! ती गेली आणि दादानं महिन्याभरात फळी उलटवली. म्हणाला, जमीन पुसायला घेतली की फडकं तिथंच अडतं."

"मग त्यानंतर तरी अण्णा मधोमध का नाही बसले?"

"एवढी शिकलीस आणि हे मला विचारतेस?"

फोन ठेवला आणि त्या लहान खळग्यावरून पुन्हा हात फिरवला. सागवान ते, अण्णा. त्याच्यावर रंधा चालवताना सुताराला घाम फुटतो. आणि तुम्ही दोघांनी ते अनवाणी अंगठ्यांनी झिजवलं, बसल्या बसल्या, गप्पा मारता मारता. मग एकट्याने दुसरी बाजूही झिजवलीत, तिची जागा मोकळी ठेवून. मी रोज त्या खोलीत वावरले, कडी वाकडी होते म्हणून तुमच्यावर चिडले, आणि आई माझ्या पायाखाली दीड इंचावर होती. मी कितीतरी देवळं पाहिली. त्या खळग्यावर हात ठेवून जे वाटलं, तसं कुठे झालं नाही मला.

सुतार नवी फळी टाकू म्हणत होता. मी म्हटलं, हीच बसवा, जुनं अंग वर. पातळ झालंय तिथे खालून पट्टी द्या, आणि हिला घासायचं मशीन लावायचं नाही.

"सगळ्या खोलीत हीच तेवढी मळकी दिसंल, मॅडम."

"दिसू दे."

काल फळी ठोकून झाली, झोपाळा टांगला. माणसं गेल्यावर मी डाव्या टोकाला बसले आणि अंगठा त्या खळग्यात ठेवला. नीट बसला. मी हळूच एक झोका घेतला.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहिते. मी लहान असताना तुम्ही मधूनच झोका थांबवून विचारायचात, "आई आठवते ना गं तुला?" मी लगेच म्हणायचे, "हो, आठवते." मग तुमचा झोका पुन्हा सुरू व्हायचा. अण्णा, मला काहीच आठवत नव्हतं.