शेडला कुलूप, यंत्र शेतात

नवी दिल्ली

ती. आईस,
ऋतिकाचा नमस्कार. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

पुढच्या महिन्यात सरकारी समितीपुढे माझं संशोधन मांडायचं आहे. महिला गटांना केळीच्या खोडापासून धागा काढायची यंत्रं देणारी योजना ठेवायची की नाही, हे त्यावर ठरेल. फैजपूर भागातल्या या यंत्रांच्या तीस शेडपैकी एकोणीस शेडना कुलूप दिसलं, म्हणून ते उद्योग मी बंद धरले होते. तुमच्या गटाचाही.

परवा फोनवर हे ऐकून तू हसलीस. "खोडात नुसतं पानी राह्यतं. इतकं वजन शेडपर्यंत सरकार वाहून देईन का? यंत्रच शेतात नेलं आम्ही." मग मी उरलेल्या अठराही गटांना फोन केले. तुमच्यासकट सोळा यंत्रं शेतात चालू आहेत.

आकडे दुरुस्त केले. ऐनवेळी निष्कर्ष बदलला म्हणून माझे मार्गदर्शक सर नाराज आहेत, पण समितीला मी आधी माझी चूक सांगेन, मग तुमची युक्ती. धोरणाच्या भाषेत यालाच नवोपक्रम म्हणतात. समितीला पटेल.

पुरावा म्हणून तुमच्या गटातल्या लताकाकूंनी पाठवलेला फोटो दाखवायचा आहे. त्यात तू यंत्राजवळ चिखलात उभी आहेस, साडी खोचलेली. नको म्हणालीस तर दुसऱ्या गटाचा दाखवेन; पण मला तुझाच दाखवायचा आहे.

तुझी,
ऋतिका