रशियन लेन्सची डावी कड

गुरु. ६ नोव्हें.
सुट्टी. बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात. दीड तास बाकावर. मग एका यंत्रात डोकं घालून बसवलं. कडेला ठिपका दिसला की बटण दाबायचं. एकही ठिपका चुकला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आत्ता कुठे धरतोय, कडेची नजर तर उत्तम आहे. बाबांनी विचारलं, अठरा वर्षांपूर्वी कडेचं दिसेनासं झालं होतं, ते आपोआप सुधारलं असेल का? बाई हसल्या. कडेची गेलेली नजर परत येत नसते काका.

रिक्षाने परत. मोशीच्या चौकात आल्यावर बाबा म्हणाले, "मग फोटो स्टुडिओ मी कशापायी बंद केला?"

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी जाधवकाका. बाबांचे दापोडीचे जुने दोस्त, वेल्डिंग शॉपमधून रिटायर. २७ तारखेला शॉपचे सगळे जुने लोक इथल्याच एका लॉनवर जमणार आहेत, फोटो बाबांनीच काढायचा म्हणतात. बाबा म्हणाले, मागचा बिघडवला तेवढा पुरे. काका आवाज चढवून म्हणाले, "आरं, पण तूच पायजेस. मोबाइलवाली पोरं ढीगभर हायत."

बाबा उठून आत गेले. मी काकांना म्हटलं, बाबांची जुनी लेन्स तपासून बघतो, मग त्यांना तयार करतो. उगाच बोललो.

शुक्र. ७
मागच्या फोटोबद्दल लिहून ठेवतो, कारण डोक्यातून जात नाही. वेल्डिंग शॉपचा ग्रुप, दोन रांगा, शेडमधला उजेड, रशियन लेन्स. मधले सगळे स्पष्ट, कडेचे पुसल्यासारखे. डाव्या टोकाला जाधवकाकांचा धाकटा भाऊ दत्तू. पुढच्या वर्षी तो गेला. कंपनीच्या कपड्यातला त्याचा तेवढा एकच फोटो, आणि त्यात चेहरा नाही.

बाबांनी त्यानंतर आणखी दोन-तीन कामं केली, सगळीकडे तेच. मला कडेचं दिसत नाही म्हणाले आणि शटर खाली ओढलं.

शनि. ८
पहिली शिफ्ट. साडेतीनला घरी, चारला गच्चीवर. टाकीच्या भिंतीला पेपरची नऊ पानं चिकटवली: चार कोपरे, चार कडा, एक मध्ये. माझा डिजिटल कॅमेरा ट्रायपॉडवर, वर लेव्हल ठेवून. जुन्या लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टर ऑनलाइन मागवलेला, आजवर कपाटात पडून होता. माझी बायको सुजाता वाळलेले कपडे काढायला आली. म्हणाली, "लोक पेपर वाचतात."

लेन्स दोनच उरल्यात. जपानी ५० मिमी आणि बाबांची लाडकी रशियन ५८ मिमी. दोन्हींचे सहा-सहा फोटो: अ‍ॅपर्चर २, २.८, ४, ५.६, ८, ११. सुजाताला समजावलं: २ म्हणजे लेन्सचं छिद्र सताड उघडं, ११ म्हणजे बारीक. आपण डोळे किलकिले करून लांबची पाटी वाचतो ना, तसं. बारीक केलं की वाईट लेन्ससुद्धा शहाण्यासारखी वागते.

जपानी: २ ला सगळीकडे थोडी दुधाळ. ४ ला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओके.
रशियन: २ ला मध्ये जपानीपेक्षा सरस, अक्षर कोरल्यासारखं. कडा मात्र गेलेल्या, छोट्या जाहिराती गोल फिरवून फरफटल्यासारख्या. ४ ला तेच. ८ ला बऱ्या. ११ ला कुणी नाव ठेवणार नाही.

भिंतीला कॅमेरा समांतर नसेल. उद्या परत.

रवि. ९
परत केलं. टेपने चारही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजली. तेच. मी दिवसभर कंपनीत दुसऱ्यांच्या पार्टवर रिजेक्टचा लाल शिक्का मारतो, इथे हात वर होईना.

मंगळ. ११
नेटवर एकाचे फोटो सापडले. हुबेहूब तशाच कडा. त्याने याच जातीच्या लेन्सची पुढची काच मुद्दाम उलटी बसवली आहे, मागचं सगळं गोल फिरल्यासारखं दिसतं म्हणून. लोक हौसेने करतात म्हणे हे.

रात्री जेवण गेलं नाही.

बुध. १२
लिहूनच टाकतो. ती लेन्स मी उघडली होती. वीस वर्षांचा होतो, टूलरूममध्ये अ‍ॅप्रेंटिस. पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरली होती, बाबा मुंबईला दुरुस्तीला पाठवणार होते. मी म्हटलं, मी करतो. सुटं करताना प्रत्येक भागावर खूण करायची हे शिकलेलो, म्हणून पुढच्या काचेच्या कडेला मार्करचा ठिपका दिला. आणि बसवण्याआधी प्रत्येक भाग स्पिरिटने पुसायचा, हेही शिकलेलो. पुसला. ठिपकाही पुसला गेला.

काच दोन्हीकडून फुगीर वाटत होती. एका बाजूने ठेवली, बसली. टूलरूममध्ये पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरला एक पिन असते, पार्ट उलटा ठेवला तर बसतच नाही. म्हणून बसला म्हणजे बरोबर, ही आमची अक्कल. काचेला पिन नसते.

त्या ग्रुप फोटोनंतर बाबांनी मला विचारलं होतं, तू आत काही हलवलं नाहीस ना? मी म्हटलं, फक्त पुसली. तेव्हा म्हणाले, "तू बसवलीस म्हणजे बरोबरच असणार. माझेच डोळे." शेजारच्या टेलरला कौतुकाने सांगत होते, आमचा पोरगा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम करतो.

शंका होती मला तेव्हाच. थोडी होती.

गुरु. १३
सुट्टी. जाधवकाका तो जुना फोटो घेऊन आले, मोठा करून मिळेल का विचारायला. दत्तूचा चेहरा कॉम्प्युटरवर "निघतो का" बघ म्हणाले. हल्ली सगळं निघतं म्हणतात. मी भिंगाखाली धरला. दोन डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. जे आलंच नाही ते निघणार कुठून? म्हटलं, बघतो.

बाबा खुर्चीतून बघत होते. फोटोकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे. हात लांब धरून कडेला न्यायचे, बोटं हलवायची, परत आणायचे. दवाखान्यातून आल्यापासून हा चाळा लागलाय.

शनि. १५
दुसरी शिफ्ट. बसमध्ये विचार: बाबांना ८ वर काढायला लावायचं. लॉनवर दुपारचं भरपूर ऊन. ८ ला कडा खपून जातात. फोटो चांगला येईल, बाबा खूश, काका खूश, लेन्स परत कपाटात. कुणाला काही कळणार नाही.

सोपं आहे. इतकं सोपं की माझीच मला लाज वाटली.

सोम. १७
सुजाताला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मग म्हणाली, सांगितलंस तर ते रागावतील याची भीती आहे, का रागावणार नाहीत याची?

चोराच्या मनात चांदणं. आज बाबांनी नुसतं "ऐक रे" म्हटलं तर हातातला कप सांडला. त्यांना फक्त टीव्हीचा आवाज कमी करून हवा होता.

गुरु. २०
सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर. गच्चीवरच्या फोटोंचे प्रिंट टेबलावर मांडले, वर जपानी, खाली रशियन. म्हटलं, बाबा, चूक डोळ्यांची नव्हती, लेन्सची होती. लेन्सची म्हणजे माझी.

त्यांनी एकेक प्रिंट उचलून खिडकीपाशी नेला. मध्यभाग नाही बघितला, थेट कडा. २ चा, ४ चा. ११ चा बघितलाच नाही.

"तेव्हा तुला विचारलं होतं."
"हो."
"काय म्हणाला होतास?"
"फक्त पुसली."
"शंका होती?"
"होती."

प्रिंट नीट एकावर एक ठेवले, कडा जुळवून. चपला घातल्या आणि गेले. इंद्रायणीकडे गेले असणार. दीड वाजता आले, जेवले, झोपले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं, बाथरूमचा नळ सोडून रडलो. अडतिसाव्या वर्षी.

शनि. २२
बोलणं नाही. म्हणजे बोलतात, "मीठ दे", "गॅसवाला आला होता". माझ्याशी तेवढंच. जाधवकाकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, अजून ठरलं नाही. आधी सरळ नाही म्हणायचे.

रवि. २३
पहिली शिफ्ट करून आलो तर जेवणाच्या टेबलावर पांढरं धोतर पसरलेलं आणि मधोमध रशियन. म्हणाले, तुझी हत्यारं आण. आणली. मी लेन्स उचलायला गेलो.

"हात लावू नकोस. बॅटरी धर."

पुढची रिंग रबरी बुचाने सोडवली. बोटं थरथरत होती, पण रिंगला टेकली की थांबायची. काच धोतरावर घेतली, दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला. डोळे मिटून. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब एका बाजूत, दुसऱ्या बाजूत, कुठली जास्त फुगीर ते बघायला. परत अंगठा. तीनदा. मी बॅटरी धरून होतो, हात भरून आला. शेवटी काच बसवली, रिंग आवळली. कुठल्या बाजूने बसवली मला दिसलं नाही, त्यांच्या हाताची सावली होती.

म्हटलं, उद्या गच्चीवर तपासतो, पेपर अजून भिंतीला आहेत. म्हणाले, "तपासायचं नाही." लेन्स रुमालात गुंडाळून स्वतःच्या उशाशी ठेवली.

मंगळ. २५
तपासायचं नाही म्हणजे काय? आयुष्य तपासण्यात गेलं माझं. बाबा आंघोळीला गेले तेव्हा उशीपर्यंत जाऊन आलो. रुमालाची गाठही बघितली. हात लावला नाही. हे लिहिताना वाटतंय की निदान एवढं तरी नीट केलं.

गुरु. २७
लॉन. तीस-पस्तीस म्हातारे, इस्त्रीचे शर्ट, पुढे ठेवलेल्या जेवणाकडे एक डोळा. जाधवकाकांनी दत्तूचा लग्नातला फोटो आणला होता, तो मधल्या खुर्चीवर ठेवायला निघाले. बाबांनी उचलून जाधवकाकांच्याच हातात दिला आणि त्यांना उजव्या टोकाला उभं केलं.

लोक दोन रांगा करायला लागले, बाबांना एकच लांब रांग हवी होती. माणसं मावण्यासाठी मागे मागे गेले, कुंपणाला टेकले. मी कॅमेरा लावून दिला. म्हटलं, बाबा, ऊन आहे, ८ ला टाकू या, कडा सुरक्षित. अठरा वर्षांनंतर परत तेच झाकत होतो, तोंडातून निघून गेलं.

बाबांनी रिंग स्वतः फिरवली. पार २ पर्यंत. सताड.

म्हणाले, "तू त्या टोकाला जा. डावीकडे."
"मी कुठे शॉपचा?"
"दत्तू होता तिथं उभा राहा."

गेलो. शेजारी कोण होता माहीत नाही, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा बराच वेळ मधल्या माणसावर फोकस करत राहिले. एकदा डोळा कॅमेऱ्यापासून काढून नुसत्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत लावला. एकच फोटो. लोक म्हणाले, अजून एक घ्या. नाही म्हणाले.

मागे स्क्रीनवर बघायला गेलो तर कॅमेरा बंद केलेला. बाबांनी कार्ड कसं काढतात विचारलं. काढून दिलं. शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाला बटण लावलं. जेवताना दोनदा खिसा चाचपला. घरी येताना रिक्षात म्हणाले, जिलबी चांगली होती.

शुक्र. २८
दुसरी शिफ्ट. सकाळी बाबा देवळातून उशिरा आले, मी निघेपर्यंत कार्डाचा विषय नाही. मीही काढला नाही.

कंपनीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. आळंदी फाट्याला कांद्याचे ट्रक आडवे, सव्वादोन इथेच वाजले.

आत्ता सुजाताचा मेसेज. बाबांनी लॅपटॉप मागितला. कार्ड घालून दिलं. फोटो मोठा कसा करायचा ते विचारलं, दाखवलं. खुर्ची जवळ ओढून बसलेत, चष्मा काढून ठेवलाय. आधी उजव्या टोकाला जाधवकाकांवर थांबले, बराच वेळ. आता एकेक माणूस करत डावीकडे चाललेत.