एक जुलैची माणसं

गुरुजी, माझं खरं वय किती हो? आधी तेवढंच विचारते, बाकीचं मागून. कागदावर मी एकसष्ट. पण तो कागद तुमच्या हातचा, अन् तुमच्या हातचा कागद खरा नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, विचारू कुणाला? आठ दिवसांपासून डोक्यात हाच भुंगा आहे.

झालं असं. नर्सची नोकरी संपली, मालेगावात घरी बसून माझा जीव जाऊन राहिला होता. तेवढ्यात नागपूरकडची एक डॉक्टरबाई आली, पोरगीच म्हणा, वयानं माझ्या लेकीएवढी. तिला बौद्धपुरा अन् मुसलमान मोहल्ला ओळखणारं माणूस हवं होतं. साठीच्या पुढच्यांचं रक्त घ्यायचं अन् स्मरणशक्तीची परीक्षाही घ्यायची. रक्तात काय पाहता, विचारलं तर म्हणाली, टेलोमिअर. मग तिनं समजावलं. कासऱ्याच्या टोकाला आपण गाठ मारतो ना, पीळ उकलू नये म्हणून, तसं पेशीतल्या धाग्याच्या टोकाला असतं. वय वाढतं तसं ते झिजत जातं. उपासमार, कष्ट, अपमान यांनी जास्तच झिजतं असं काही जण म्हणतात. ते टोक पाहून माणसाची बुद्धी किती थकली हे कळतं का, ते अजून पक्कं कुणालाच ठाऊक नाही. "आणि सिस्टर, तुमच्यासारख्या लोकांचं रक्त आजवर कुणी फारसं पाहिलेलंच नाही," असं म्हणाली. मला रागच आला. म्हटलं, एवढी वर्षं आम्ही दिसलो नाही, अन् आता दिसलो तर थेट सुई! तरी गेले तिच्यासोबत. घरात बसून तरी काय करणार होते.

मोहल्ल्यात रजया भरणारे चाचा तुम्हाला आठवतील, तुमचेच विद्यार्थी, मला दोन वर्षं पुढे. डॉक्टरबाईनं वय विचारलं तसे हसले. "उमर हमकू क्या पूछते बेटा, आधार में देख लो." आधारवर एक जुलै. शेजारच्या घरात एक जुलै. बौद्धपुऱ्यात आलो, तिथंही एक जुलै. डॉक्टरबाई हसायला लागली. "सिस्टर, या गावात सगळे एकाच दिवशी जन्मले का?" मीही हसले, पण लगेच तिच्या कागदावरचा वयाचा रकाना पाहिला. कारण तिचा सगळा हिशेब वयावर. टोक किती आखूड हे ती वयाशीच ताडून पाहणार.

शाळेत नाव घालायला बा मला घेऊन आला तो दिवस मला लख्ख दिसतो. तुम्ही म्हणता, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. ज्याचा हात कानाला पोचला तो सहा वर्षांचा, अशी तेव्हाची रीत. माझा हात कानाच्या खाली पार मानेपर्यंत जातो. तुम्ही चष्म्यावरून पाहता. "हे पोरगी तं चांगली मोठी दिसते गा." बा म्हणतो, "असन गुरुजी. जवारी कापाच्या वक्ताले झाली, येवढंच ध्यानात हाय." तुम्ही दौतीत टाक बुडवता. "सहा लिवतो. नोकरीत तेवढे साल जास्त भेटतीन." बा खो खो हसतो, "नोकरी? अन् पोरीले?" तुम्ही हसत नाही. असंच तुम्ही अर्ध्या गावाचं वय कापलं, अन् तारीख सगळ्यांना एकच टाकली, एक जुलै. खरी वयं मात्र कुठंही लिहिली नाहीत. साहेबाची तपासणी आली तर सापडायला नकोत, म्हणून सगळी डोक्यात ठेवली.

तुमच्या त्या टाकामुळे मी तीन वर्षं जास्त नोकरी केली, नाहीतर चार, मला काय माहीत. त्यात घर बांधलं, लेक शिकवली. पण आता तीच वर्षं माझ्या मानेवर बसली आहेत. कागदावर वय कमी, म्हणजे आमच्या माणसांची टोकं वयाच्या मानानं झिजलेली दिसणार, अन् कुणीतरी लिहून मोकळं होणार की हे लोक लवकर म्हातारे होतात. खोटं आहे हो ते! पण पुन्हा वाटतं, सगळंच खोटं आहे का? माझ्या मायच्या तोंडात चाळिशीत दात उरले नव्हते. मग त्यातलं तुमच्या टाकाचं किती अन् आमच्या जगण्याचं किती, हे वेगळं कसं करू? अन् डॉक्टरबाईला सांगितलं तर तुमच्या नावाला बट्टा. मी सकाळी अंगणात फेऱ्या मारते, चहा गार होतो, पुन्हा गरम करते, पुन्हा विसरते.

विसरते, हेच खरं दुखणं आहे. नमुना म्हणून बाईनं माझीच परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारले. मला तीन आठवले. पुन्हा विचारलं, तरी तीनच. साऱ्या गावाच्या लेकरांच्या लसी तोंडपाठ ठेवणारी मी! बाई हळूच म्हणाली, "एकसष्टला हे जरा लवकर वाटतं, पुढे तपासू." मी भांडलेच तिच्याशी, शब्द नीट सांगितले नाहीत म्हणून. मी एकसष्टची नाहीच, म्हणजे हे लवकर नाहीच, असं ओरडावंसं वाटलं. भीती वाटते गुरुजी. तुमचं शेवटी जसं झालं तसं होण्याची. ओट्यावर बसून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचात, "तुह्यं वय काय बापा?" लोक हसायचे. मीही एकदा हसले. तुम्ही हरवलेली ती सगळी वयं शोधत होता, हे मला आता कळतं.

काल सांगून टाकलं. ऑटोत बसल्यावर डॉक्टरबाईला म्हटलं, तुमच्या कागदावरचं एकही वय खरं नाही. ती रागावली नाही. नुसतं विचारलं, "खरी कुणाला माहीत?" म्हटलं, "आमच्या गुरुजींना. ते गेले." तिनं वयाच्या रकान्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं केली, एकाखाली एक. मग म्हणाली, "निदान तुमचं तरी खरं सांगा." मी म्हटलं, "मला कुणी कधी सांगितलंच नाही."

खोटं बोलले मी. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुमच्यापुढे कबूल करते. नोकरीचा हुकूम घेऊन आले त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही पिठलं हाटत होता. पेढ्यांचा पुडा पाहून खेकसलात, "हे कायले आनलं? बस, जेव." ताटली पुढे सरकवली, बुक्कीनं कांदा फोडला अन् आवाज खाली आणून म्हणालात, "आता कामाले लागली तं एक आयकून ठेव. कुठी लिवू नोको." माझं खरं वर्ष सांगितलंत. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. मी दोनदा म्हटलं.

कांद्याचा वास आठवतो. ताटलीचा टवका उडालेला काठ आठवतो. वर्ष आठवत नाही, गुरुजी.