गाठीवर मारलेला रंधा

रविवार, दिवेलागण

स्वतःचीच किळस येते आहे. धनुष्य मोडलं म्हणून नाही. हातानं केलेलं पहिलंच होतं, मोडलं तर मोडलं. पण मी बोललो काय!

अमडापूरच्या नामदेवकाका सुतारांनी धामणीच्या लाकडाचं दांडकं देताना एकच बजावलं होतं, "सर, आतून कितीबी तासा, पण पाठीले, बाहेरच्या बाजूले, हात लावू नका. तिथली लाकडाची रेघ तुटली का धनुष्य गेलं." महिनाभर ऐकलं. परवा मात्र पाठीवरची ती गाठ डोळ्यांत खुपायला लागली. शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता ना! मारला रंधा. वर वॉर्निश. ग्रुपवर वाहवा झाली.

आज काकांच्या अंगणात दोरी ओढली आणि त्या गाठीपाशीच काडकन तुटलं. आणि मी, वर्गात खरं बोलायला शिकवणारा मी, लगेच म्हणालो, "काका, लाकूडच कच्चं होतं."

त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं लाकूड. दोन वर्षं त्यांनी सावलीत वाळवलेलं.

त्यांनी तुकडा उचलला, गाठीच्या जागेवरून अंगठा फिरवला. कळलंच असणार. तरी म्हणाले, "हाव सर, असन. माह्यंच चुकलं." आत जाऊन दुसरं दांडकं आणलं. मी घेतलं. काऊन घेतलं? तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं.

हाताचा वॉर्निशचा वास जात नाही.

आत्ता दिव्याच्या उजेडात नवं दांडकं पाहिलं. याच्याही पाठीवर गाठ आहे. तिच्याभोवती काकांनी पेन्सिलीनं ठळक गोल काढून दिलाय.