खुर्चीला हात हवेत

गॉल, किल्ला, सिलोन
१२ नोव्हेंबर १८७४

प्रिय मेहुणे वॉल्टर यांस,

तुमचा दमा आणि तुमचे वरिष्ठ, दोघेही शांत असोत. इकडे तुमची बहीण झेल्या ठणठणीत आहे. गुडघे सोडल्यास मीही.

गुडघ्यांवरूनच सांगतो. नक्कलनवीस म्हणून लागलो तो आता कचेरीचा हेडक्लार्क आहे. प्रांताचा कारभार पाहणारे कितीतरी एजंटसाहेब आले (प्रत्येकाने पहिल्या दिवशी मलाच विचारले, सही कुठे करायची?) आणि गेले, मी तिथेच, बिनहातांच्या खुर्चीवर. हातांची खुर्ची फक्त विलायतेहून आलेल्यांना. परवा उठताना टेबलाचा आधार घेतला, तर टेबल, दौत आणि मी, तिघेही शिपायाच्या अंगावर. घरी झेल्या म्हणाली, "जन्मभर सरकारचं ओझं वाहिलंत, आता सरकारला तुमचं वाहू दे. खुर्ची मागा! तोवर हा शाईचा कोट मी धुणार नाही." मी निश्चय केला: निवृत्त होईन तर हातांच्या खुर्चीतून उठूनच.

अर्ज कोलंबोला गेला. कोलंबोने रिवाजाप्रमाणे आमच्या साहेबांचा अभिप्राय मागवला. साहेबांनी, रिवाजाप्रमाणेच, कागद मसुद्यासाठी माझ्याकडे सरकवला. (अभिप्राय सगळे मीच लिहितो; साहेब सही करतात, आणि छान करतात.) पुढ्यात गठ्ठा, लेखणी सवयीची. कोणी काही मागितले की ते का देता येत नाही, हे मी झोपेतही लिहीन. लिहिले. आज एका कारकुनाच्या खुर्चीला हात दिले तर उद्या बेटावरचे सगळे कारकून टेकून बसतील, आणि टेकलेल्या माणसाचे अक्षर बिघडते. वाक्य जमले म्हणून मान डोलावली. अर्जदाराचे नाव वाचले ते नकार हातात पडल्यावर.

झेल्याला वाचून दाखवला. "कोणा मेल्याने लिहिलंय हे?"
"साहेबांनी."
"छट्! साहेबाला एवढं कुठलं येतंय?"

मी हटणार नाही. थेट मुख्य सचिवांकडे फेरअर्ज केला आहे. कोट अजून खुंटीवर तसाच आहे.

तुमचा,
कॉर्नेलिस एबर्ट

ता.क. मुख्य सचिवांची उत्तरे तुम्ही लिहिता, हे मी विसरलेलो नाही. तुम्हांला बहिणीची शपथ, या वेळी चांगले लिहू नका. नुसते 'मंजूर' लिहा.

आणखी ता.क. फेरअर्जावरचा साहेबांचा अभिप्राय याच टपालाने येतो आहे. या वेळी नाव आधी वाचले होते. शिफारस करायलाच बसलो होतो. पण वॉल्टर, नकाराचा असा एक मुद्दा सुचला की सोडवेना. त्याला उत्तर नाही. तरी तुम्ही शोधा.